पुढचा पट्टा

दादा,

तू पाण्यात गेलास असंच अजून लोकांना वाटतं. तेराव्यापर्यंत रोज कुणी ना कुणी दारात उभं राहून तेच विचारायचं. दर रविवारी समाच्या सोसायटीतून पिकअपवर बोटी लादून जाणारा माणूस, तो दुसरीकडे कुठे जाणार, असं त्यांना वाटत असावं. मी आधी सविस्तर सांगत होते, मग नुसती मान हलवायला लागले. नदीपासून किती लांब गेलास तू. दवाखान्याच्या बाकावर, नेहमीच्या तपासणीला नंबर यायची वाट बघत, चपला काढून मांडी घालून बसला होतास. मी चहा आणायला गेले. परत आले तर तुझी मान शेजारच्या बाईंच्या खांद्यावर टेकली होती. त्यांना वाटत होतं तुला झोप लागलीय, म्हणून त्या बिचाऱ्या हलत नव्हत्या.

मी दमले आहे. फोन उचलून, आलेल्यांना बसवून, तुझे फॉर्म भरून दमले आहे. सकाळी वहिनीकडे समाला जाते, संध्याकाळी सुभानपुऱ्याला परत येते, कुलूप उघडते आणि पर्स खांद्यावरच ठेवून पलंगावर बसून राहते. तुझ्याशी एक बोलायचं होतं. अकरा महिने होतं. तू समोर असताना जमलं नाही, आता लिहून बघते.

तू कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलीस तेव्हा वहिनीला वाटलं, आता हा माणूस भाजी आणेल, गॅलरीतल्या कुंड्या बघेल. आपल्या घरात पाण्याशी कुणाचा संबंधच नव्हता. पणजोबा संस्थानच्या पलटणीत, आजोबा कचेरीत, बाबा रेल्वेत. आणि तू एका बंद पडलेल्या रिसॉर्टमधून दोन कयाक आणि एक कनू घेऊन आलास. कयाक म्हणजे वरून झाकलेली, निमुळती, एकट्याने बसायची, दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं घेऊन. आणि कनू म्हणजे उघडी, रुंद, दोघातिघांची. हे तू सोसायटीच्या वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांना समजावलंस. सेक्रेटरी म्हणाले, ते बधू बराबर छे, पण पार्किंगमधून हलवा.

हलवायच्या कुठे? घराजवळची नदी विश्वामित्री, आणि ती मगरींची. म्हणजे सिंधरोटला, महीवर. बोटी तिथपर्यंत न्यायच्या तर गाडी पाहिजे, म्हणून जुनी पिकअप आली. पिकअपचा हौदा जेमतेम सात फुटांचा आणि कनू सोळा फुटांची, म्हणून मग गाडीवर लोखंडी रॅक.

तेव्हा आमच्या घरी हे जाऊन वर्ष होत आलं होतं. मी शाळेत जात होते, गणित शिकवत होते, घरी येऊन दार लावत होते. त्यापलीकडे काही नाही. तू समजूत घालायला म्हणून कधी आला नाहीस, आणि त्याचा मला तेव्हा राग यायचा. एका शनिवारी दारात येऊन म्हणालास, "शैले, चल गोरव्याला, रॅक करून घ्यायला. मला मोजायला माणूस पाहिजे." मी म्हटलं, मिस्त्री मोजेल की. तर म्हणालास, मिस्त्री लोखंड मोजेल, बोट कोण मोजणार?

म्हणून मी गेले. मोजपट्टीचं दुसरं टोक धरून त्या शेडमध्ये तीन तास उभी राहिले. वेल्डिंगच्या ठिणग्या, लोखंडाचा वास, आणि तुझं मिस्त्रींशी भांडण. त्यांचं म्हणणं होतं की रॅकच्या दोन्ही चौकटी हौद्यातच बसवू, काम सोपं. तू म्हणत होतास, एक मागे आणि एक केबिनच्या वर. मी मध्ये पडले. दोन आधार जवळजवळ असले तर लांब वस्तू पुढे-मागे डुलणार, आधारांमधलं अंतर बोटीच्या निम्म्याएवढं तरी पाहिजे, असं मी खडूने लाद्यांवर काढून दाखवलं. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, मग तुझ्याकडे. तू म्हणालास, बहीण आहे, गणिताची मास्तरीण. किती महिन्यांनी कुणीतरी मला 'यांच्या मिसेस' सोडून दुसरं काही म्हणालं होतं.

कनू उलटी ठेवायची की सुलटी, यावर आपण दोघं कितीतरी आठवडे वाद घातला. सुलटी ठेवली तर आत सामान मावेल असं माझं म्हणणं. सुलटी ठेवली तर तिच्यात वारा भरेल आणि गाडी एका अंगाला ओढेल, असं तुझं. तुझं बरोबर होतं. मी ते कबूल केलं नाही. शेवटपर्यंत प्रत्येक वेळी चढवताना मी म्हणायचे, एकदा सुलटी ठेवून बघू, आणि तू ऐकलंच नाही असं दाखवायचास. मध्ये कनू उलटी, दोन्ही बाजूंना कयाक कुशीवर उभ्या. दांड्यांवर तू सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळल्या होत्यास.

बांधायचं काम वाटून घेतलेलं होतं. मागची बाजू तुझी, पुढची माझी. पहिल्या दिवसापासून. तू मला शिकवलंस ते मी आजही झोपेत करीन. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, म्हणजे वाऱ्यात तो घुमत नाही. फार आवळायचा नाही, फायबरला तडा जातो. टोक बकलमधून काढलं की दोन वेढे देऊन गाठ मारायची, नुसत्या बकलवर भरवसा ठेवायचा नाही. मग बोटीला हात घालून जोराने हलवायचं. "गाडी हलली पाहिजे," तू म्हणायचास. "बोट एकटी हलली तर परत बांध." आणि निघाल्यावर दहा मिनिटांनी गाडी बाजूला घ्यायची, उतरायचं, सगळे पट्टे पुन्हा हाताने ओढून बघायचे.

दीड वर्ष चाललं ते. माझ्या शाळेतल्या दोघी शिक्षिका यायला लागल्या, मग एक नर्स, मग वहिनीच्या भजनातल्या एक आजी. तू त्या आजींना कनूच्या मध्ये बसवून बंधाऱ्यामागच्या शांत पाण्यात अर्धा तास फिरवून आणायचास आणि त्या डोळे मिटून बसायच्या. वहिनी मात्र कधी आली नाही. थेपल्यांचा डबा द्यायची आणि म्हणायची, पाण्यातलं मला काही सांगू नका, सुखरूप या. तिला खरंच भीती वाटायची, आणि आपण दोघं परतीच्या वाटेवर तिला हसायचो. आता त्याचं वाईट वाटतं.

त्या रविवारी आपलं भांडण झालं होतं. फाल्गुनातली गोष्ट, ऊन आणि वारा दोन्ही. तुझ्या डोक्यात चांदोद शिरलं होतं. नर्मदेवर दोन दिवस, सगळ्या बायकांना घेऊन. डॉक्टरांनी तुझ्या हृदयाबद्दल पहिल्यांदा बजावून महिनाही झाला नव्हता. मी तुला म्हटलं, तुला काही झालं तर त्या वाळूत मी काय करू? एका माणसाच्या मागे मी सगळं निस्तरलंय, दुसऱ्याच्या मागे नाही निस्तरणार. तू हसलास. तुझं ते हसणं मला सहन झालं नाही.

त्या रागात मी पुढचा पट्टा बांधला. पिवळ्या कयाकचा. बकल लावलं, आणि गाठ मारली नाही. विसरले असं मी स्वतःला बरेच दिवस सांगत होते. विसरले नव्हते. टोक हातात होतं आणि मनात आलं, राहू दे, रोजचंच काय. दहा मिनिटांनी तू गाडी थांबवलीस आणि म्हणालास, पुढचं बघून ये. मी उतरले, गाडीला एक चक्कर मारली, कशालाही हात लावला नाही, परत येऊन बसले आणि म्हणाले, ठीक आहे.

सेवासीच्या अलीकडे समोरून भरधाव ट्रक गेला. त्याच्या वाऱ्याने पिवळ्या कयाकचं तोंड उचललं गेलं. वर टपावर काहीतरी घासल्याचा आवाज झाला, आणि मी आरशात बघितलं तोवर ती मागच्या पट्ट्यावर गरकन फिरून रस्त्यावर गेली होती. मागून स्कूटरवर जयेशभाई येत होते. कयाक त्यांना लागली नाही. ती चुकवायला गेले आणि पडले, आणि स्कूटर त्यांच्या मांडीवर पडली. गोरव्याला शाळेचे गणवेश शिवणारे जयेशभाई. स्कूटरवरचं गाठोडं सुटून रस्ताभर निळ्या चड्ड्या पसरल्या होत्या. मी त्या गोळा करत बसले, दादा. माणूस कण्हत होता आणि मी चड्ड्यांच्या घड्या घालत होते. त्यांना उचलून हौद्यात घेतलं ते तू आणि मागून आलेल्या दोघांनी.

दवाखान्यात पोलीस आले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तू म्हणालास, "गाडी माझी, बांधलं मी." विचारलं गेलं होतं फक्त गाडीबद्दल. बांधण्याचं कुणी विचारलंच नव्हतं. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. आणि मी तोंड मिटलं.

ते मिटलेलं तोंड एकदा उघडलं, ते भलत्याच वेळी. त्याच आठवड्यात तुझ्या घरी जेवायला बसलो होतो. जयेशभाईंच्या मांडीत सळई घातली होती, सहा महिने मशीनवर बसता येणार नव्हतं. वहिनी तुला बोलत होती. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती कठोर बोलते. मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, "तुझ्या हौसेपायी एका माणसाचा पाय गेला, दादा." हे मी म्हटलं. मी. तू वाटीतली आमटी भातावर घेतलीस आणि म्हणालास, "हो."

तुझ्या त्या 'हो'ची मला त्या क्षणी चीड आली, हेही सांगून टाकते. तू उलटून बोलला असतास तर मी तिथेच मोकळी झाले असते. गेले अकरा महिने मी मनातल्या मनात तुझ्याशी हेच भांडते आहे. तुला कुणी सांगितलं होतं माझं ओझं उचलायला? मला विचारलं होतंस? मी काय इतकी मोडलेली दिसत होते? आणि लगेच वाटतं, हो, दिसत असणार. तूच मला त्या घरातून बाहेर काढलं होतंस, म्हणून मी पुन्हा आत जाऊन दार लावेन याची भीतीही तुलाच.

बायका यायच्या थांबल्या. बोटी मिस्त्रींच्या शेडमध्ये गेल्या, रिकामी रॅक घेऊन पिकअप सोसायटीत उभी राहिली. तू आठवड्यातून दोनदा जयेशभाईंकडे जात होतास, ते मला ठाऊक होतं. मी एकदाही तुझ्याबरोबर गेले नाही. कामं काढत राहिले.

भाद्रपदात तुला पहिल्यांदा दवाखान्यात ठेवलं. वहिनी दिवसा असायची, मी शाळा सुटल्यावर. एका संध्याकाळी तू नाकातली नळी नीट करत होतास आणि मी सुरुवात केली, "दादा, त्या दिवशी पुढचा पट्टा..." तू हात वर केलास. म्हणालास, "शैले, बस जरा. दमली आहेस तू." आणि पलंगावर पाय जवळ घेऊन मला जागा केलीस. मी बसले. खरंच दमले होते. आपण दोघं खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गाद्या बघत राहिलो, आणि मी ते वाक्य पुरं केलं नाही. नंतर पाच महिने होते. दर आठवड्याला मी तुला तपासणीला घेऊन जात होते, गाडीत आपण दोघंच असायचो. तू चांदोदबद्दल बोलायचास. मी आता पूर्वीसारखा विरोध करायचे नाही, तेवढंच.

तेराव्यानंतर मी आधी जयेशभाईंकडे गेले. वहिनीकडे जायची हिंमत नव्हती म्हणून आधी तिकडे, असंही म्हण. ते मशीनवर बसले होते. मशीनला आता मोटर आहे, तरी डावा पाय ते पुढे लांबवूनच ठेवतात. त्यांनी मला ओळखलं, केम छो बेन म्हणाले, तुझ्याबद्दल हात जोडले. मी उभ्या उभ्या सांगितलं. पट्टा मी बांधला होता, गाठ मारली नव्हती, बघायला उतरले आणि बघितलं नाही, भाईने खोटं सांगितलं.

त्यांनी मशीन बंद केलं. मग सांगायला लागले की पहिले दोन महिने ते तुला काय काय बोलले. तू यायचास, खुर्चीवर बसायचास, ऐकून घ्यायचास, आणि निघताना कपड्यांच्या चिंध्या झाडून जायचास. एकदा तर त्यांनी तुला दारातूनच हाकललं होतं आणि तू दोन दिवसांनी पुन्हा आला होतास. एवढा राग तुमच्या भावावर काढला, म्हणाले, आणि तो होता तुमच्या वाट्याचा. मी म्हटलं, आता माझ्यावर काढा. त्यांनी मान हलवली. "हवे नवेसरथी गुस्सो करवानी ताकत नथी, बेन," म्हणाले. नव्याने रागवायचं बळ नाही. मग बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मी तो प्यायले. साखर जास्त होती, पण कप रिकामा करूनच उठले.

वहिनीला परवा सांगितलं.

ती तांदूळ निवडत होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं, मध्ये एकदाही थांबवलं नाही. मला वाटत होतं तिला हे ठाऊक असेल, तू निदान तिला तरी सांगितलं असशील. नव्हतं सांगितलंस. ताट बाजूला ठेवून ती म्हणाली, "अकरा महिने मी ह्यांच्याशी धड बोलले नाही, शैला. जेवायला वाढायचे आणि आत जायचे." एवढंच. रडली नाही. उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

दादा, तू मला सांभाळलंस ते कुणाच्या जिवावर, ते मला त्या बंद दारासमोर कळलं. तुझ्या वाट्याचं तू सोसलंस, त्याला मी काय बोलणार. पण तिच्या वाट्याचं वर्षाचं बोलणं गेलं, आणि ते तुझंही गेलं. तू हे जोखलं होतंस का? तुझ्यावर माझा एवढा जीव असूनही सांगते, इथे तू चुकलास. आणि तुझ्या चुकीच्या आधी माझी. हे मी आता कुणाशी भांडू?

काल मी गेले नाही. आज सकाळी वहिनीचाच फोन आला, ये म्हणून. गेले तर तिने चहा दिला, पण माझ्याजवळ बसली नाही, समोरच्या खुर्चीवर बसली. विचारलं, "तिकडे नदीवर हे काय बोलायचे?"

मला प्रश्न कळला नाही आधी. ती म्हणाली, दीड वर्ष दर रविवारी सहा तास तुम्ही तिकडे होता. मी कधी विचारलं नाही, विचारलं असतं तरी भीतीने ऐकलं नसतं. आता सांग. काय बोलायचे, काय खायचे, कुठे बसायचे, सगळं सांग.

मग मी सांगायला लागले. तू वल्हं हातात घेतलंस की आवाज खाली आणायचास, हे सांगितलं. थेपल्यांतला एक बाजूला ठेवायचास आणि परत निघताना खायचास, म्हणायचास की घरी जाईपर्यंत हिची चव तोंडात राहिली पाहिजे. हे मी तिला आधीच का सांगितलं नव्हतं कोण जाणे. भजनातल्या आजी एकदा पाण्याच्या मधोमध खणखणीत आवाजात आरती म्हणायला लागल्या आणि तू वल्हं मांडीवर ठेवून ती संपेपर्यंत होडी वाहू दिलीस, ते सांगितलं. त्यावर वहिनी हसली, आणि लगेच पदर तोंडाला लावला. नर्सला शिकवताना तू स्वतःच कसा उलटा झालास आणि ओल्या कपड्यांनी गाडी चालवत आलास, ते सांगितलं. तिने सांगितलं की घरी येऊन तू तिला म्हणाला होतास, वाटेत पाऊस लागला. उन्हाळ्याचे दिवस होते ते. तिला तेव्हाच कळलं होतं.

दुपार झाली, तिने खिचडी टाकली, मी पापड भाजले, आणि सांगत राहिले. चारच्या सुमाराला माझा आवाज बसला. तिने पाणी आणून दिलं. मी पर्स उचलली तेव्हा ती दारापर्यंत आली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"मी तुला माफ केलंय असं समजू नकोस," ती म्हणाली. "ते मला जमेल असं वाटत नाही. पण उद्या ये. लवकर ये."

मी येते म्हटलं.